काचपट्टीवरील पेशी आणि कर्करोगाचे निदान

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक सत्रात दिलेले भाषण)



कार्यवाहांनी मला कर्करोगावर बोलण्यास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले की, हा विषय समुद्राएवढा आहे आणि माझा संबंध त्यातल्या एका थेंबाशी आहे. यात विनय नाही. ते अक्षरशः खरे आहे. मी रुग्णाला क्वचितच पाहते. माझ्यासमोर येते ती तीन इंच लांब आणि एक इंच रुंद अशी काचपट्टी, जिला आपण सारे स्लाइड म्हणतो, आणि तिच्यावर पसरलेला एखादा थेंब. गेली अठ्ठावीस वर्षे, आधी महाराष्ट्रात आणि नंतर इंग्लंडात, मी असे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली वाचत आले आहे. या शास्त्राला पेशीनिदानशास्त्र असे नाव आहे. रुग्णालयात सगळे त्याला सायटॉलॉजी म्हणतात. मीही आज तोच शब्द वापरणार आहे.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे येथे बसलेली दहावीतली मुलेही सांगतील. त्या पेशी सतत झडत असतात, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. तोंडाच्या आतल्या अस्तरातून, गर्भाशयाच्या मुखावरून, श्वासनलिकेतून, मूत्राशयातून जुन्या पेशी गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. एखाद्या ठिकाणी कर्करोग सुरू झाला असेल तर त्या रोगाच्या पेशीही अशाच, किंबहुना अधिक सहज, सुट्या होतात. त्या गोळा करायच्या, काचेवर पसरायच्या, लगेच अल्कोहोलात बुडवून स्थिर करायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या. कापाकापी नाही, भूल नाही, खाट अडवणे नाही.

पाहायचे काय? मुख्यतः केंद्रक. गर्भाशयमुखावरची निरोगी पेशी मला नेहमी भाकरीसारखी दिसते. रुंद, पातळ, निळसर किंवा गुलाबी भाकरी, आणि तिच्या मधोमध ठेच्याची छोटीशी गोळी ठेवावी तसे केंद्रक. पेशी बिघडू लागली की ही गोळी मोठी होते, काळपट होते, तिची कड वेडीवाकडी होते. शेवटी भाकरी उरते नावापुरती आणि गोळीच सारी जागा व्यापते. एकाच झुपक्यातल्या दोन पेशी एकमेकींसारख्या दिसेनाशा होतात. माझ्या विद्यार्थ्यांना ही उपमा सांगताना पंचाईत होते, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांनी भाकरीही पाहिलेली नसते आणि ठेचाही नाही. आज प्रथमच ती न समजावता सांगता आली.

ही दृष्टी वैद्यकाला ज्याने दिली तो जॉर्ज पापानिकोलाऊ हाही एक स्थलांतरितच होता. १८८३ साली ग्रीसमध्ये जन्मलेला हा डॉक्टर १९१३ मध्ये पत्नीसह न्यूयॉर्कला आला. सुरुवातीला त्याने एका मोठ्या दुकानात गालिचे विकले आणि तिने शिवणकाम केले. पुढे त्याला प्रयोगशाळेत काम मिळाले. तेथे तो गिनिपिगांच्या योनिस्रावातील पेशींचा अभ्यास करीत असे. मग तेच तंत्र त्याने मानवी पेशींना लावले, आणि अनेक वर्षे त्यासाठी नमुने दिले ते त्याच्या पत्नीने, आंद्रोमाखीने. तिच्या नावाचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो, म्हणून मी तो मुद्दाम करते. १९२८ साली त्याने आपला शोध मांडला तेव्हा तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. तुकडा काढून तपासण्याची सोय असताना झडलेल्या पेशींवर कोण विश्वास ठेवणार, असा तो काळ होता. १९४३ साली हर्बर्ट ट्रॉट यांच्यासह त्याचा ग्रंथ निघाला आणि मग मात्र चित्र बदलले. पॅप तपासणी हे नाव त्याच्याच नावावरून पडले आहे.

कर्करोग आहे की नाही, एवढे सांगून सायटॉलॉजीचे काम संपत नाही. तो कोणत्या जातीचा आहे हेही सांगावे लागते. जात हा शब्द आपल्या सभेत उच्चारताना माझी जीभ अडखळते, म्हणून प्रकार म्हणू. सपाट पेशींपासून निघालेला कर्करोग आणि ग्रंथींच्या पेशींपासून निघालेला कर्करोग हे दोन मोठे प्रकार आहेत. पहिल्यातल्या पेशींत केराटिन असेल तर त्या पॅपच्या रंगात भडक नारिंगी उठून दिसतात. दुसऱ्यातल्या पेशी गुच्छाने राहतात, त्यांच्या पोटात श्लेष्म्याचा थेंब असतो आणि केंद्रक एका कडेला ढकललेले असते.

येथे एका स्त्रीची आठवण करणे मला आवश्यक वाटते. हेन्रिएटा लॅक्स ही गुलामांच्या वंशातील, तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय स्त्री. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी, ती वारली. उपचारांच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता प्रयोगशाळेत दिला गेला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. हेला या नावाने त्या आजही जगभर वाढत आहेत, आणि पोलिओच्या लसीपासून कितीतरी संशोधन त्यांच्यावर उभे आहे. तिच्या कुटुंबाला याचा पत्ता वीसएक वर्षे नव्हता. एका कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली ती २०२३ साली. ही हकीकत आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. कमी ठाऊक आहे ते हे की, तिच्या कर्करोगाचा प्रकारही प्रथम चुकीचा लिहिला गेला होता. सपाट पेशींचा म्हणून नोंदलेला तो रोग पुढे पुन्हा तपासला तेव्हा ग्रंथींचा निघाला. त्या काळी दोहोंवर उपचार एकच, रेडियमचा, म्हणून तिच्या बाबतीत फरक पडला नसता असे तिच्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

आज फुफ्फुसाच्या कर्करोगात असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. छातीत साठलेले पाणी किंवा गाठीतून सुईने ओढलेला थेंब माझ्याकडे येतो. पेशी लहान असतील, त्यांना पेशीद्रव जवळजवळ नसेल, आणि गर्दीच्या लोकलमधल्या माणसांसारखी त्यांची केंद्रके एकमेकांना चेपून बसली असतील, तर तो लघुपेशी कर्करोग. त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग क्वचितच होतो; औषधे आणि किरणोपचार यांचाच आधार. तोच रोग ग्रंथींचा निघाला तर त्याच थेंबातल्या उरलेल्या पेशींची मेणात वडी करून त्यांच्या जनुकांची तपासणी करता येते, आणि काही रुग्णांना गोळ्यांनी उपचार करता येतात. एका थेंबातून रुग्णाची पुढची वाट ठरते.

सुईचा उल्लेख झाला, तेव्हा एक भीती येथेच बोलून टाकू. गाठीला सुई लावली की रोग भडकतो, पसरतो, हे वाक्य मी विदर्भात ऐकले, मुंबईत ऐकले आणि गेल्याच महिन्यात इंग्लंडातल्या आपल्याच एका घरी चहा पिताना ऐकले. या तपासणीची सुई बहुधा इंजेक्शनच्या सुईएवढीच बारीक असते. तिच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत, पण ती अत्यंत विरळ. काही थोड्या ठिकाणच्या गाठींना सुई लावायची नसते, आणि ते डॉक्टर जाणतात. या भीतीमागचे कारणही मला कळते. गावाकडे माणूस सुई घ्यायला येतो तोच मुळी उशिरा. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत रोग उघड वाढतो आणि दोष सुईच्या माथी बसतो.

सुईने चांगली बातमीही येते. मानेवर गाठ आलेला तरुण आणि त्याच्यामागे रडत आलेली आई हे दृश्य आमच्या विभागात नेहमीचे असे. स्लाइडवर लांबट पेशींचे विशिष्ट पुंजके आणि मृत ऊतींचा दाणेदार पसारा दिसे, वेगळ्या रंगात क्षयाचे लाल जंतू सापडत, आणि त्या आईला सांगता येई की हा टीबी आहे, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होईल. उलटही घडते. टीबी समजून महिनोन् महिने गोळ्या खाल्लेल्या गाठीतून लसिकाग्रंथींचा कर्करोग निघतो. वरून दोन्ही गाठी सारख्याच दिसतात.

आता जे सांगायचे आहे ते मी सभेत पूर्वी कधी सांगितलेले नाही.

१९९६ साली मी विदर्भातल्या एका शासकीय रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होते. सुईच्या तपासणीच्या खोलीबाहेर सकाळी चाळीसएक माणसांची रांग असे. त्या रांगेत एके दिवशी पंचेचाळीस वर्षांच्या आसपासची एक बाई आली. अंगणवाडीत मदतनीस होती, आपल्याच वस्तीतली. उजव्या स्तनात बोराएवढी गाठ. मी दोनदा सुई घातली. स्लाइडवर रक्त होते, चरबीच्या पेशी होत्या, आणखी काही नव्हते. मी अहवालात लिहिले, "कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत," आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

वाक्य खरे होते. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नव्हत्याच. पण स्तनाच्या ग्रंथींच्या पेशीही आढळल्या नव्हत्या. म्हणजे माझी सुई गाठीत पोहोचलीच नव्हती. ती शेजारच्या चरबीत फिरून परत आली होती. तिच्या शाळकरी मुलाने तो इंग्रजी कागद घरी वाचून दाखवला. गाठीत काही नाही असा त्यांनी अर्थ घेतला, आणि त्यांनी घेतला तो अर्थ कोणीही घेतला असता. अकरा महिन्यांनी ती परत आली तेव्हा गाठीवरची कातडी आत ओढली गेली होती आणि काखेतल्या गाठी हाताला लागत होत्या. तिने तो जुना कागद जपून आणला होता. त्यावर माझेच अक्षर होते. ती रागावली नाही. "बाई, तुम्हीच तर लिहून दिलं होतं ना, काही नाही म्हणून," एवढेच म्हणाली. ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत होती.

मी लिहायला हवे होते ते असे : नमुना अपुरा आहे, सुई पुन्हा घालावी. एवढे चार शब्द.

सायटॉलॉजीच्या अहवालांची वर्गवारी ही कारकुनी बाब आहे असे पुष्कळांना वाटते. माझे मत वेगळे का आहे हे आता आपल्या ध्यानी येईल. स्तनाच्या गाठींसाठी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या योकोहामा पद्धतीत पाच वर्ग आहेत : अपुरा, सौम्य, अनिश्चित, संशयास्पद आणि घातक. थायरॉइडसाठीच्या बेथेस्डा पद्धतीत सहा वर्ग आहेत, आणि तेथेही पहिला वर्ग अपुऱ्या नमुन्याचाच. प्रत्येक वर्गाला पुढची पायरी ठरवून दिलेली आहे : पुन्हा सुई, तुकडा, शस्त्रक्रिया, की नुसती देखरेख. स्तनाच्या गाठीत तर हाताची तपासणी, छायाचित्रण आणि सुई या तिन्हींचा मेळ बसला तरच निर्धास्त व्हायचे. तिन्हींपैकी एक जरी वेगळे बोलत असेल तर थांबायचे नाही. आज अनेक ठिकाणी स्तनासाठी जाड सुईने बारीक तुकडाच काढतात, आणि ते योग्यच आहे. तरीही जेथे पैसा आणि यंत्रे कमी आहेत तेथे बारीक सुई आजही मोलाची आहे, अहवाल लिहिणारा प्रामाणिक असेल तर.

काही प्रश्नांचे उत्तर पेशी देऊच शकत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. थायरॉइडची एक जातकुळी अशी आहे की तिच्यातली सौम्य गाठ आणि घातक गाठ यांच्या पेशी एकसारख्या दिसतात. फरक एवढाच की घातक गाठ आपले वेष्टन फोडून बाहेर गेलेली असते. सुईने मिळतात त्या सुट्या विटा. घराची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत घुसली आहे की नाही हे विटा पाहून कसे कळणार? तेथे गाठ काढून तपासावीच लागते. "डॉक्टरांना नक्की सांगता आले नाही" अशी तक्रार घेऊन काही जण माझ्याकडे येतात. पुष्कळदा त्या डॉक्टरांनी बरोबर तेच सांगितलेले असते जे सांगता येते.

आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे येते, कारण येथे बसलेल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने गेल्या. हा रोग होण्यापूर्वी पेशी बिघडण्याचा काळ बहुधा कित्येक वर्षांचा असतो. इतकी वर्षे दार उघडे ठेवणारा रोग विरळाच.

आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, या रोगावर जगातला एक मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला, आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट होते. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाची तपासणी नाही. आठ वर्षांत विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आणि पॅपच्या गटात? मृत्यूंत लक्षणीय म्हणता येईल अशी घट दिसली नाही. जिचे आयुष्य पॅपच्या स्लाइड वाचण्यात गेले तिला हे वाचून काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकता. पण आकडे आकडे असतात. पॅपची एक तपासणी काही बिघडलेल्या पेशी चुकवतेच. युनायटेड किंग्डममध्ये ती यशस्वी झाली ती १९८८पासून प्रत्येक स्त्रीला ठरावीक वर्षांनी पत्र पाठवून पुन्हापुन्हा बोलावल्यामुळे; एकदा निसटलेले दुसऱ्यांदा सापडे. खेड्यात ती आयुष्यात एकदाच झाली.

चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वैद्यकीय जगात वाद झाला. माझे मत असे की, गरीब स्त्रियांवरील अभ्यासात हा प्रश्न आकड्यांच्या आधी विचारला पाहिजे. त्याच वेळी हेही खरे की, त्या खेडूत बायांनी जगाला जे शिकवले त्याचा लाभ आज आपण इंग्लंडात घेत आहोत. २०१९च्या अखेरीपासून येथे नमुना आधी एचपीव्हीसाठी तपासतात, आणि विषाणू सापडला तरच पेशी पाहतात. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींतही त्याच विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला होता. या विषाणूचा आणि रोगाचा संबंध दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना ही पत्रे येतात. ती पत्रे आपल्या घरांत कोठे जातात? फ्रिजवर, मग खणात, मग केराच्या टोपलीत. लाज हे एक कारण. परिचारिका स्त्रीच हवी असे सांगितले तर ती मिळू शकते. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. विषाणू सापडला की घरात संशय शिरतो. बंधूंनो, हे आपल्यासाठी सांगते : हा विषाणू अतिशय सर्वत्र आढळणारा आहे, तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो. तो सापडला यावरून कोणाच्याही वर्तनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत याची लस देतात. त्या संमतिपत्रावर सही करताना हात आखडू नये.

आपण पुष्कळ जण डिसेंबरात गावी जातो. आई, वहिनी, नणंद यांच्यापैकी कोणाची सुईची तपासणी झाली असेल तर नुसता कागद पाहू नका. स्लाइडही मागून घ्या. मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात, आणि दुसरा डॉक्टर ती पुन्हा वाचू शकतो. आणताना मात्र वर्तमानपत्रात गुंडाळू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. काही वर्षांपूर्वी आपल्यातले एक गृहस्थ बहिणीच्या स्लाइड हातरुमालात बांधून माझ्याकडे आले होते. दोनपैकी एक मधोमध फुटली होती. सोबतच्या अहवालात "दोष नाही" असे लिहिले होते. मी फुटके तुकडे जोडून पाहिले, अखंड स्लाइड पाहिली. रक्त होते आणि चरबी होती. मी त्यांना सांगितले की हा नमुना अपुरा आहे. ते जरा नाराज झाले; इतक्या दूर आणून हेच का, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. पण त्यांनी त्याच रात्री फोन केला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सुईत पेशी मिळाल्या. कर्करोग होता. गाठ दीड सेंटिमीटरची होती, आणि काखेत काही नव्हते.